वॉलनट, चार थेंब

बाविसाव्या रस्त्यावर, चौथ्या मजल्यावर
माझं टेबल खिडकीपाशी होतं.
एअरब्रश, कापूस, तपकिरी रंगाच्या सात बाटल्या.
न्यूयॉर्कात त्या वर्षी आम्ही ऑपेराचे अठरा संच काढले.

व्हर्नेल टॉलिव्हर गायली होती राजकन्या,
जिंकणाऱ्यांच्या दारी आणलेली.
तीन तबकड्या, सहा बाजू.
पाचव्या बाजूला एक सूर ती इतका हळू सोडते
की प्रूफं घेऊन येणारा पोऱ्या जिन्यातच थांबला.

विक्रीखात्याचे हॅल्व्हर्सन म्हणाले,
प्रश्न आवाजाचा नाहीच, आवाज सोनं आहे.
प्रश्न अटलांटातल्या दुकानाच्या काचेचा आहे.
हे म्हणताना ते वाईट माणूस वाटले नाहीत.
सगळ्यांसाठी कॉफी त्यांनीच मागवली होती.

मग क्वीन्सहून एक मुलगी आली,
आस्ट्रिड की काहीतरी, साबणाच्या जाहिरातीतली.
गळ्यात पत्र्याचा हार, मागे पुठ्ठ्याची खजुरीची झाडं.
फोटोत फारच गोरी निघाली.
‘जरा उन्हातली कर,’ मला सांगितलं.
म्हणून वॉलनट, चार थेंब, पाण्यात.
कपाळ, गाल, खांदे.
पाचवा थेंब पडला असता
तर ती कोणीतरी झाली असती.
चारावर थांबायचं,
त्याचाच मला पगार.

व्हर्नेलचं नाव खाली, कंडक्टरच्या नावाखाली,
अंगठ्याने झाकेल एवढं.
मी झाकून पाहिलं.
झाकलं जात होतं.

एकदा ती स्वतः आली, हातमोजे घालून.
प्रूफ उचललं, उजेडात धरलं.
मी ब्रश धूत राहिलो, धुतलेलाच.
‘कान छान आहेत हिचे,’ म्हणाली.
‘हिनं मला ऐकलंय का?’

ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी
मेकनला गेलो, तिच्या बहिणीकडे,
न वापरलेला तिचा एक फोटो परत द्यायला.
ओट्यावर वाटाणे भिजत होते.
तिन्ही तबकड्या उशीच्या अभ्य्रात,
कोपऱ्यात निळ्या दोऱ्याने एक व्ही.
आणि कव्हर?
लुएलाने पायाने दाखवलं:
शिलाई मशीनच्या आखूड पायाखाली,
चौपदरी घडी.
‘आता हलत नाही,’ म्हणाली.

फोटो तिनं घेतला, पालथा ठेवला.
आधी पाचवी बाजू लावली.
मला बस म्हणाली नाही.
जा असंही म्हणाली नाही.