आवाजाची वही

त्या वर्षी आमच्या देशात तीन सिनेमे झाले.
पहिला मोबाइलवर, अकरा मिनिटांचा:
अताउरोच्या होडीत झोपलेलं एक डुक्कर
आणि त्याला उठवायचं कोणी, यावरचं भांडण.
दुसऱ्याचे पैसे वरातीआधीच संपले,
म्हणून त्यात लग्न ठरतं आणि होत नाही.
लोकांना तो फार खरा वाटला.
तिसरा ओलांदिनाचा. त्यातला आवाज माझा.
म्हणजे बांबूला बांधलेला माइक माझा,
आणि ही वही.

माउबिस्सेच्या वर, कॉफीच्या उतारावर
नऊ माणसं, एक जनरेटर.
तो टेकडीपलीकडे नेऊन ठेवला
तरी प्रत्येक संवादात थोडा थोडा यायचाच,
न बोलावलेल्या मामासारखा.

गोष्ट साधी. अठ्ठ्याहत्तर साल.
एक बाई मुलीला पाठीशी बांधून रान चढते.
खाली सैनिक.
सैनिक सहा हवे होते.
दिलीच्या झेफेरिनो शिंप्यानं गणवेश शिवले, अंदाजानं.
"घालणार कोण ते सांगा, माप घेतो," म्हणाला होता.
आम्हाला सांगता आलं नव्हतं.

गावात मेलेला व्हायला वीस जण तयार,
त्यातले दोघे तर आधीच आडवे होऊन दाखवत होते.
लंगडा व्हायला तयार, पाद्री व्हायला तयार,
बकरीवाल्याची बकरी तयार.
सैनिक व्हायला कोणी नाही.
रोज दुप्पट केला. तिप्पट केला.
दुआर्ते मास्तरांनी एक सदरा उचलला,
नाकाशी नेला,
"नवं कापड आहे," म्हणाले,
घडी घालून ठेवला
आणि घरी गेले.

शेवटी ड्रायव्हरचा भाचा, अगापितो.
वय एकोणीस, स्वातंत्र्यानंतरचा जन्म.
बाह्या कोपरापाशीच संपत होत्या.
त्यानं चार सेल्फी काढले, एकात जीभ बाहेर.
कोणीतरी म्हणालं, पाणी घेऊन ये रे.
तो तसाच गेला, कॅन हलवत, शीळ घालत.

वळणावर आकिलिना आजी, डोक्यावर टोपली.
ती ओरडली नाही.
टोपली खाली ठेवली, हळू, एकही फळ सांडू न देता,
रस्त्यातच गुडघ्यांवर बसली
आणि दोन्ही हात मानेमागे नेले.
इतक्या सफाईनं,
जणू काल संध्याकाळीच कोणी शिकवलं होतं.

कॅमेरा बंद होता.
मी पक्ष्यांसाठी माइक लावून बसलो होतो.

वहीत लिहिलंय:
सीन नाही. टेक नाही. चव्वेचाळीस सेकंद.
शीळ. शीळ थांबते.
टोपली.
लांब कोंबडा.
बटण. बटण. बटण. एक अडकतं. बटण.
कापड मातीत.
जनरेटर, थोडा.

रात्री ओलांदिनानं विचारलं, "काही मिळालं?"
"बॅटरी संपली होती," मी म्हणालो.
तिनं माझ्याकडे पाहिलं, मग बॅटरीकडे.
मग पटकथेतले सैनिक खोडायला बसली.
उजाडेपर्यंत खोडत होती.
सकाळी सहाही सदरे दोरीवर वाळत घातले,
वारा आत शिरेपर्यंत थांबली,
आणि तेवढंच चित्रित केलं.

पुढे एका थंड शहरातल्या महोत्सवात
मफलर घातलेले एक गृहस्थ
या दृश्यावर बराच वेळ बोलले.
अनुपस्थितीचं व्याकरण, असं काहीतरी.
ओलांदिना म्हणाली, "थँक्यू."
आणखी काय म्हणणार?
तिला तेव्हा फार भूक लागली होती.

माउबिस्सेत चर्चच्या भिंतीवर चादर लावली.
दुसऱ्याचा जनरेटर, तोही तसलाच.
आकिलिना पुढच्या रांगेत, प्लास्टिकच्या खुर्चीवर,
शेजारी जमिनीवर अगापितो,
तिच्या पिशवीतले शेंगदाणे खात.

दोरी आली. सदरे आले.
कोणी खोकलंही नाही.
आजी वाकली.
"यातला तुझा कुठला?"
त्यानं बोट दाखवलं. डावीकडून दुसरा.
तिनं नीट पाहिलं.
"बाह्या आखूड होत्या तुला," म्हणाली,
आणि शेंगदाण्यांसाठी हात पुढे केला.