मागचं वजन

मास्तर वर्गात म्हणाले, यारी म्हणजे दोस्ती.
आमच्या डफळापुरात यारी म्हणजे
विहिरीच्या काठावर उभं राहून
तिच्या पोटातला मुरूम वर ओढणारं लोखंड.
मी दुसरीत होते. हात वर केला नाही.

आम्ही शिकलगार. आज्जानं सगळी हयात
लोकांच्या विळ्या-कात्र्यांना धार लावली.
अब्बांना धारेचा कंटाळा.
"पातळ कामात जीव रमत न्हाई," म्हणायचे,
आणि शनिवारी मिरजेच्या भंगारात जायचे
सातवी पास डोकं आणि रिकामं पोतं घेऊन.

मॅटाडोरचा गिअरबॉक्स आला, रिव्हर्स न पडणारा.
("खाली जायाला ब्रेक सोडायचा, वर यायाला गिअर.
रिव्हर्स कशाला?")
कृष्णेच्या पुरात बुडालेलं पीटर इंजिन,
उघडलं तर आत शिंपले.
साखर कारखान्याच्या लिलावातली साखळी,
तिला मुंग्या लागलेल्या.
आठ दिवस मी आणि मौलाचाचा
लोखंडावरनं मुंग्या झाडत होतो.

नकाशा गिरणीच्या पत्र्यावर, खडूनं.
वळवात धुऊन गेला.
अब्बांनी पुन्हा काढला नाही.

मग एक दिवस अम्मीचा तांब्याचा बंब दिसेना.
आठवड्यानं घरी आला,
ओतून, घासून,
मुठीएवढे चार बुश होऊन.
अम्मी काही बोलली नाही.
पातेलं बोललं, रोज पहाटे, चुलीवर आदळताना.

पहिली विहीर मगदुमांची.
बादली गेली, भरली, निघाली,
आणि अर्ध्यावर आली तशी
यारीचं बूड उचललं.
मागची चाकं टीचभर हवेत.
"गेलं लगा, गेलं!" करत गाव मागं सरला.
अब्बांचे दोन्ही हात दांड्यावर, मान वळवता येईना,
नुसतेच ओरडले, "बसा! कोनतरी मागं बसा!"

पदर खोचून पहिली चढली ती अम्मी.
तिच्यामागं मी, मग मौलाचाचा,
मगदुमांचे दोन गडी,
आणि टपाल द्यायला आलेला पोस्टमन, पिशवीसकट.
चाकं टेकली.
दिवसभर आम्ही तिथंच.
भाकरी तिथंच खाल्ली, बुडाला ग्रीस,
बादली वर येताना सगळे जरासे वर,
रिती झाली की धप्प.

रात्री गिरणीच्या काट्यावर अब्बांनी एकेकाला चढवलं.
चपला काढायला लावल्या. हिशोब चोख पाहिजे.
अम्मी एक्केचाळीस. मी बावीस.
मौलाचाचा चौसष्ट, गडी अठ्ठावन्न आणि एकसष्ट,
पोस्टमन पिशवी धरून सत्तर.
तीनशे सोळा.
तेवढ्याच वजनाचा काँक्रीटचा ठोकळा ओतला
आणि ओल्या सिमेंटवर खिळ्यानं
सगळे आकडे कोरले, एकाखाली एक, बेरजेसकट.

ठोकळा चढला त्या दिवशी
अम्मी बंबानंतर पहिल्यांदा बोलली:
"आता उतरू का मी?"
अब्बा पान्हा पुसत राहिले बराच वेळ.

यारी पुढं विकली. अब्बा गेले त्याला नऊ वर्षं झाली,
अम्मी त्याआधीच.
परवा संखच्या रस्त्याला एका विहिरीवर दिसली.
इंजिन नवं, दोर नवा, रंग निळा,
कुणा पोराचं नाव पुढं रेडियमनं.
ठोकळा तोच.
आकडे झिजलेत, बोट फिरवल्यावर लागतात.
माझं वजन आता त्रेसष्ट आहे,
इथं मी अजून बावीस.

"काय पायजे ताई?" चालवणारा पोरगा म्हणाला.
काही नाही म्हटलं.
त्याला काय सांगायचं, तुझ्या मागं कोण कोण बसलंय.
"मग बाजूला व्हा, दगड हाय बादलीत."

मी बाजूला झाले.
बादली वर आली, दगडानं गच्च.
चाकं हलली नाहीत.