सात नंबरचा फेडर

आधी मिक्सर, मग बाकीचं, ॲम्प सगळ्यात शेवटी.
बंद करताना उलट: ॲम्प सगळ्यात आधी.
पहिल्या दिवशी ओडेराने एवढंच सांगितलं
आणि महिनाभर नुसत्या केबली गुंडाळायला लावल्या,
एक वेढा सुलटा, एक उलटा.
"केबल आहे अपोन्डी, सुंभ नाही.
पीळ राहता कामा नये."

आज त्याच्याच अंगणात टेबल मांडलंय,
आंब्याखाली, शवपेटीपासून वीस पावलांवर.
मापही त्याचंच.
फार जवळ बसलं की वाटायला लागतं
आपल्याला ऐकू येतं तेच सगळ्यांना येतंय.

सरोवराकडून वाळत्या ओमेनाचा वास.
घरामागे जनरेटर खोकतोय.
सोळा चॅनल, त्यातले चालू तेरा.

फेडरांखाली कागदी पट्टी, अक्षर त्याचं:
न्यातिती. थोरला ढोल. पाद्री (खालचा घुमारा काप).
पट्टीवर पट्टी डकवलेली,
तळाशी किती लग्नं, किती मयती असतील
कुणास ठाऊक.
सातखाली नाव नाही. फक्त
"अंगठ्याने दाबून धर."
नवी पट्टी आणली होती मी.
खिशातच राहिली.

म्हातारा ओगुटू न्यातिती मांडीशी घेऊन बसला.
वाजवा आजोबा, म्हटलं,
आणि गेनची खुंटी हळूहळू फिरवत गेले
हिरवा, हिरवा, क्षणभर पिवळा.
तिथून थोडी मागे.
तपासणीला सगळेच सभ्य वाजवतात,
खरं वाजवतात ते नंतर.
वर जागा ठेव, तो म्हणायचा. कायम वर जागा ठेव.

पाद्री माइक गिळायलाच आला होता.
मग मंडळीतल्या बायका, सहा गळे, दोन माइक,
मग किसुमूहून आलेला चुलतभाऊ, जो
पंधराव्या मिनिटाला बैलाच्या पैशांवर घसरला.
त्याचा फेडर मी खाली आणला,
झटक्याने नाही, केसाकेसाने.
लोकांना वाटायला हवं
घसा त्याचाच बसला.

मग नेरिआ उठली.
तिच्या हातात दिला तो सात नंबरचा माइक
आणि ती बोलेचना.

मी फेडर वर नेला.
काही नाही. आणखी वर.
अंगणभर तिचा श्वास ऐकू आला,
कोंबडीचं खुडखुड, लुगड्याची सळसळ,
आणि त्याच्या टोकाशी, सुईच्या अग्रावर,
शीळ जन्माला येत असलेली.
ती तेवढी कापली.
अंगठा दाबून धरला, नख पांढरं होईस्तोवर,
कारण सोडला असता तर करकरला असता
तिच्या गप्प राहण्यावर.

"गावोगाव एवढा आवाज केला ह्याने," शेवटी म्हणाली,
"घरात मात्र कुजबुजायचा.
एकतीस वर्षं मी विचारतेय, काय म्हणालास?"

हसले लोक. मागच्या रांगेतले,
वेशीबाहेर सायकलींवर टेकलेलेसुद्धा.
म्हणजे पोचलं होतं.
ती हसली नाही. माइक तसाच उघडा
माझ्या हातात देऊन गेली, गरम होता.

माती झाली. जेवणं झाली.
चंद्र नव्हता, तोंडात टॉर्च धरून
केबली गुंडाळल्या: एक वेढा सुलटा, एक उलटा.
ढोलाचे माइक पेटीत, स्टँड मोजून घेतले.
आणि मग, कसं कोण जाणे,
नऊ वर्षांत पहिल्यांदा
हात आधी मिक्सरकडे गेला.

धप्प.

दोन्ही स्पीकरांतून, अंगणावरून, पाण्यावरून.
कुत्री भुंकली. पलीकडच्या होडीत
कुणीतरी कंदील वर केला.

मी मान खाली घालून उभी राहिले,
ओरडा बसायची वाट बघत.