कांडी

पाच ते पाच-दहा.
हिरवा गाऊन उलटा घातला गेला,
पाठीमागची गाठ नर्सनंच मारली.
"कण्ण तगीरी, अव्वा," ती म्हणते.
मी म्हणते, आई, मी रेणी.
डोळा दोन्हीत उघडत नाही.

डॉक्टरांनी फुगलेली नस
कागदावर काढून दाखवली होती,
बुडाशी तांदळाएवढी क्लिप.
निसटली तर? विचारलं मी.
ते पेनाचं टोपण शोधत राहिले.

वडगावात चाळीस वर्षं
कांड्या भरल्या हिनं.
सूत तुटलं की न बघता गाठ.

आत्ता चादरीच्या काठाशी
अंगठा बोटावर फिरतोय,
मध्ये काहीच नाही.

ओढणीचा एक दोरा उसवून
मी मध्ये सरकवला.

"टायम आतु," दारातून वॉचमन.

गाठ बसली की नाही
दिसलं नाही.