म्हशीचा धक्का

एस्टी वळते त्या चिंचेपाशी उतरा
आणि विचारा, बंदर कुठंय?
हसतील.

बांधाबांधाने चालत गेलं की
भातखाचराच्या मधोमध
कंबरेएवढा लोखंडी खुंट,
त्याला जैनब परकारांची म्हैस
रवंथ करत.

ह्याच खुंटाला गलबतं बांधायचे म्हणे,
मलबारची, कौलं भरलेली.
खाडी गाळाने बुजत गेली.
एका साली पडाव रुतला तो रुतलाच.
जैनबच्या आज्याने त्याच्या फळ्यांचं
गोठ्याला दार केलं.
नाक लावून बघा,
अजून डांबराचा वास येतो.

जकातीची कचेरी?
ती काय, ती भिंत.
आत गोवऱ्या रचल्यात.

मी वही उघडून साल विचारलं.
"साल नाय ठाव," जैनब म्हणाली,
"अवस तेवढी ठाव.
अवसेच्या उधाणाला
हिरीचं पाणी मचूळ लागतंय.
आन् ही, एरवी ढिम्म हलायची नाय,
दावं ताणून
मावळतीकडं तोंड करून उभी ऱ्हाते."

मग शेणाचे हात पदराला पुसत, सहज:
"त्या रातीला
आमी तिला दुहेरी बांधताव."