गुणलेखक

कुशावर्ता भरदुपारी आली, हातात पिशवी,
पिशवीत मुंजाजीच्या मेंदूचे फोटो.
"नांदेडचे डॉक्टर विचारतेत, डोक्याला किती वेळा लागलं.
ह्यांना तर काही ध्यानात नाही.
तुमच्याकडं वह्या हैत म्हणं."

आहेत. बावीस वह्या,
शाळेच्या कपाटात, टीसीच्या गठ्ठ्यांखाली.
मानवत, सेलू, पाथरी, जिंतूर, एकदा थेट उदगीर.
निळ्या शाईत चढाया, लाल शाईत लोण.
मुंजाजीच्या नावापुढं गुणांची मुंग्यांसारखी रांग.
वीस वर्षं मी ती कौतुकानं दाखवली पोरांना.

पाथरी. उपांत्य सामना. टाइम-आउट.
कशासाठी, ते लिहिलेलं नाही.
पण पानावर पाण्याचा डाग आहे, आणि त्या डागात
रऊफचा गुडघा, ह्याचं कानशील,
आणि दगडावर कवठ फोडावं तसा आवाज.
कुणीतरी कांदा ठेचून नाकाशी धरला.
गुट्टे सरांनी बोटं दाखवली. किती?
दोन.
"दोन म्हणतोय! चांगलाय गडी. ऊठ."
टाळ्या पडल्या. माझी थाप टेबलावर.

उठला, आणि दम धरून
आमच्याच अंगणात चढाईला निघाला.
सगळं मैदान हसलं. खांद्याला धरून वळवला त्याला,
तर जाऊन बोनस घेऊन आला.
बोनस मी लिहिला.

सर नेहमी दोनच बोटं दाखवायचे.
हे मला ठाऊक होतं. मुंजाजीलाही.

आमच्या खेळाची बोलीच अशी,
गडी मरतो, गडी जिवंत होतो,
शिट्टी वाजली की रेषेबाहेरून आत.
माझ्या अक्षरात तो शेकडो वेळा मेला
आणि बहुतेकदा परत आला.
पडण्याला रकाना नव्हता.

आता एक्केचाळीसचा आहे.
जिनिंगवरची रात्रपाळी गेली:
कुलूप लावायचा, पुन्हा जाऊन लावायचा,
किल्ली सापडायची सरकीच्या ढिगात.
ट्यूबलाइट सोसत नाही, म्हणून घरात चिमणी.
परवा ताट भिंतीवर फेकलं,
आणि मग तासभर विचारत बसला,
ताट कोणी फेकलं, पोरीला लागलं असतं म्हणजे?

रऊफ दर शुक्रवारी येतो, नमाज झाली की.
त्याची दाढी करून देतो.
गालावर वस्तरा हलका चालतो त्याचा.
कानाच्या वर हात नेत नाही.

रात्री मी ओळीवर बोट ठेवून मोजलं.
टाइम-आउट. पाणी. टाइम-आउट. पाणी.
कुठं खाडाखोड, कुठं चहाचा गोल.
नक्की आठवतात असे अकरा.
बहुधा एकोणीस.
आणि सराव? रोज संध्याकाळी, जिनिंगमागच्या मातीवर?
सरावाची वही कुणीच ठेवत नाही.

चिठ्ठी केली डॉक्टरांना.
अकरा लिहिलं, खोडलं, एकोणीस लिहिलं,
खाली सवयीनं सही, गुणलेखक,
आणि पहिल्यांदाच
त्या शब्दाची लाज वाटली.

द्यायला गेलो तर तो उंबऱ्यावर,
दोन्ही हात मांडीखाली, कुणी बांधून ठेवावं तसा.
कुशावर्ता आत पीठ मळत होती.
"किती भाकरी टाकू?"
"दोन."
शेजारचं पोरगं विचारून गेलं, काका, किती वाजले?
"दोन."
ऊन तर कलून भिंतीवर चढलं होतं.

काय झालं मला कोण जाणे.
चिठ्ठी खिशात ठेवली, समोर उकिडवा बसलो
आणि तीन बोटं धरली. पार डोळ्यांसमोर.
मुंजा, किती?

त्यानं बोटांकडं पाहिलंच नाही.
माझ्या तोंडाकडं पाहिलं,
हुशार पोरगं मास्तरांच्या ओठांकडं पाहतं तसं.
"दोन," म्हणाला,
आणि उठायला लागला.