गाठींचा नकाशा

नकाशा मीच काढला होता.
नाकोरोवाईची बेचाळीस घरं, चर्च, शाळा
कागदावर उचलून टेकडीवर ठेवली होती.
खाली निळ्या शाईतला समुद्र,
आणि समुद्रापासून सुरक्षित अंतरावर मी.

सभागृहात चटयांवर गाव बसलेलं.
पुढे गावप्रमुख, यांगोनाचं लाकडी भांडं, मग पुरुष,
बायका दाराशी,
आणि दाराबाहेर पायरीवर मेरेसेइनी,
मांडीवर फाटकं जाळं, बोटांत सुई.
जन्मांध, असं यादीत होतं.
यादीचं नाव: असुरक्षित गट.
तिच्या नावापुढच्या रकान्यात मी आधीच खूण केली होती,
‘सल्लामसलत पूर्ण’.

नकाशा उंच धरला. माना डोलल्या.
कागद फडफडला तशी ती म्हणाली,
‘माझं घर कुठंय त्यात?’
सतरा नंबर, बुबू.
‘सतरा नंबरपासून संडास किती पावलं?’

मला मीटर ठाऊक होते.
पाणी वर्षाला किती मिलिमीटर चढतं ते,
निधी कुठल्या कलमाखाली येतो, कधी परत जातो ते.
पावलं कुणी विचारलीच नव्हती.

सुई न थांबवता ती सांगत गेली.
दारापासून नारळ नऊ.
नारळाशी वारा उजव्या गालाला लागला की वळायचं,
मग अकराव्या पावलाला आईची कबर,
कडेनं शिंपले रोवलेत, ते तळव्याला कळतात.
कबरीपासून संडास सात.
‘भरतीला हल्ली सहाव्यालाच पाय भिजतो.
समुद्र वर आलाय ते मला कुणी सांगायला नको.
पण टेकडीवर वारा कुठल्या गालाला लागेल,
आहे का तुझ्या कागदात?’

कुणीतरी हसलं. गावप्रमुख खाकरले.
ओहोटीआधी बोट निघायची होती.
आम्ही तुमचा जीव वाचवतोय, मी म्हणालो
(अहवालात हे नाही).
‘वाचवा की.
वाचवलेला जीव ठेवणार कुठं,
तेवढं त्याला विचारून ठेवा.’

बोट गेली. मी राहिलो.
का, ते अजून नीट सांगता येत नाही.

तिच्या नातवानं, इलिसोनीनं, नांगराचा जुना दोर आणला.
जमिनीवर अंथरला, मी सांगेन तसा.
दाराला एक गाठ, नळाला दोन,
वळणाला शिंपला ओवलेला.
ती गुडघ्यांवर रांगत गाव वाचू लागली.
‘इथं चढ आहे?’
आहे.
‘केवढा?’
आठ पावलांत एक हात.
‘म्हणजे लोसालिनीच्या चाकांच्या खुर्चीला नाही.’
आणि लोसालिनी, तेरा वर्षांची, दारातून म्हणाली,
‘मी इथंच आहे, बुबू. मलाही बोलता येतं.’

मग माणसं येत राहिली.
विधवा वासिती, जिचं घर दिराच्या नावे धरलं होतं.
दुसऱ्या बेटावरून आलेला एक जावई,
वीस वर्षं इथं मासे मारतोय, कुठल्याच यादीत नाही.
कुणी दोर आणला, कुणी नुसतीच तक्रार.
कंदिलातलं तेल संपलं, तेव्हा तिलाच तेवढी अडचण नव्हती.
पहाटे जमिनीवर जे होतं
ते माझ्या नकाशासारखं अजिबात दिसत नव्हतं.
एका ठिकाणी तर मी स्वतःच अडखळलो.

शेवटी तिची बोटं टोकाशी आली. थांबली.
‘कबरी?’

माझ्याकडे त्याची गाठ नव्हती.

निघताना दोराची गुंडाळी तिनंच माझ्या हातात दिली.
‘हे टोक मोकळं ठेवलंय.
कबरींचं ठरलं की गाठ मारायला इथं ये.
आम्हाला न विचारता तिकडंच मारलीस,
तर गाठ माझ्याशी आहे.’

सुवाच्या कचेरीत दोर फाइलीत मावत नाही.
परिशिष्ट म्हणून नोंद केली, तर कारकून म्हणाला, पानं किती?
खारट वास येतो म्हणून तक्रार झालीय.
सतराव्या घरापुढची ती खूण मी खोडली,
वरिष्ठांनी पुन्हा केली, मी पुन्हा खोडली.
मंजुरी यायचीय.
दुपारी कुणी नसलं की डोळे मिटून
मी कपाटात हात घालतो,
दार, नारळ, वळण,
आणि चाचपत टोकाशी येतो.